मल्लम्माची मूठ

“ही लेस पायजे बाई. अशीच. एक कडी इकडची तिकडं नको,” म्हणत गुरम्मानं फोटो शिलाई मशीनवर ठेवला.

सरजाबाईंनी चष्मा वर सरकवला. भिंतीला टेकून मांडी घालून बसलेली एक बाई. कपाळावर विभूतीचे जाड पट्टे, गळ्यात हार. काहीतरी पूजा असावी. डावी मूठ मांडीवर, मुठीतून बेलपानाचं टोक डोकावतंय, आणि तिथूनच पांढरी लेस लुगड्यावर ओघळलेली.

“कोण गं ही?”

“आई माझी, मल्लम्मा. मी आठ दिवसांची होते तवा गेली. आज्जी म्हणायची, पोरगी झाली म्हणून रागावून गेली. पुढच्या महिन्यात लग्न हाय माझं. रागावली असली तर असू द्या, पण तिच्या हातच्यासारखं कायतरी अंगावर असावं वाटतंय.”

“मूळची लेस कुठं हाय?”

“तिच्यासंगंच गेली.”

सरजाबाईंनी शब्द दिला. लातूर वेगळा जिल्हा झाला तशा त्या नायगावहून तिथल्या शिवणवर्गात बदलून आल्या होत्या. लातुरात पाट्या नव्या लागल्या होत्या. पाणी मात्र टँकर येईल तेव्हा. बाईंना स्वतःबद्दल फारसा गर्व नव्हता, पण टॅटिंगबद्दल होता, आणि तो लपवण्याची तसदी त्या घेत नसत. टॅटिंग म्हणजे सुई नाही, हुक नाही. बोटभर लांबीचं, होडीच्या आकाराचं एक शटल, त्याच्या पोटात दोरा; डाव्या हातावर दोरा ताणायचा आणि शटलनं गाठी मारत लेसची कडी वळायची. मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून त्या ते शिकल्या होत्या. “नजरंला पडलं की हातात आलं,” असं त्या पोरींना सांगत.

हे मात्र हातात येईना. दोन कड्यांच्या मध्ये मोकळा दोरा दिसायलाच हवा. या लेसमध्ये तो नव्हताच. कडीला कडी चिकटलेली, आणि एक ओळ संपली की दोरा न तोडता दुसरी वर चढलेली. दोरा गेला कुठून?

दुपारी टँकर आला की पोरी घागरी घेऊन पळत, आणि वर्गात उरत बाई आणि फोटो. वीज नसली तर पंखाही बंद. बाई फोटोशी बोलू लागल्या. “सांग की गं, कसं केलंस?” चुकलं की उसवायचं, पुन्हा वळायचं. हळूहळू त्यांना वाटू लागलं, ही बाई आपल्या तोंडाकडे बघत नाही, हातांकडे बघते. चुकीची गाठ पडली की मागं कुणीतरी चुकचुकल्यासारखं होई. वळून बघावं तर मशीनच्या ओळी.

नवव्या दिवशी गुरम्मा चौकशीला आली.

“तुझी आई लई ताठ बसली गं,” बाई म्हणाल्या. “जराबी ढिली न्हाई.”

“गेल्यावरचा फोटो हाय बाई.”

“म्हंजे?”

“आमच्यात बसवूनच नेतेत, बसवूनच माती देतेत. मान पडू नये म्हणून मागून खुंटीला बांधतेत. तुमच्यात न्हाई का?”

“आमच्यात निजवून नेतेत,” सरजाबाई कशाबशा म्हणाल्या.

“आईचा ह्यो एकच फोटो. मूठ काय उघडली न्हाई म्हणं तिची. काकानं लई जोर केला. त्याच्यावरूनच आज्जी म्हणायची, रागानं आवळलेली मूठ हाय.”

ती गेल्यावर बाईंनी फोटो पालथा घातला. नऊ दिवस आपण एका प्रेताशी बोलत होतो. त्यांना भीती वाटली, आणि भीती वाटली याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीचं पीठ मळताना त्यांची डावी मूठ मिटली ती उघडेना. अंगठा पहिल्या बोटावर घट्ट दाबलेला, बाकीची बोटं आत वळलेली. उजव्या हातानं एकेक बोट सोडवता सोडवता त्या थांबल्या. कडी वळताना धरायची ही पकड त्यांच्या ओळखीची होती. वीस वर्षं त्यांनी पोरींना हीच शिकवली होती.

भाकरी तशीच टाकून त्या वर्गावर गेल्या. फोटो सुलटा केला, भिंग धरलं. मुठीतून डोकावणारं ते बेलपान नव्हतं, शटलचं टोक होतं. करंगळीखाली आणखी एक टोक होतं. दोन शटल.

मग हात आपोआप चालले. अर्धी कडी एका शटलनं, उरलेली अर्धी दुसऱ्यानं. “गाठ एका दोऱ्यावरून दुसऱ्यावर उलटली पाहिजे,” असं त्या पोरींना कानीकपाळी ओरडून सांगत. इथं दुसऱ्या अर्ध्यात ती उलटू द्यायचीच नव्हती. कडीला कडी लागत गेली, ओळ वर चढली. पण लेस सरळ होईना. तिसऱ्या ओळीला ती वाटीसारखी आत वळली. बाईंनी फोटोतल्या कड्या पुन्हा मोजल्या. मोजणी बरोबर होती. त्यांनी ती वाटी स्वतःच्या मुठीवर चढवली आणि स्टुलावर बसून राहिल्या.

संध्याकाळी त्यांनी गुरम्माला बोलावणं धाडलं.

“लुगड्याची लेस न्हाई ही,” बाई म्हणाल्या. “टोपडं हाय. बारशाचं.”

गुरम्मानं ते तळहातावर घेतलं. एका बाजूला अर्धी कडी उघडी होती. फोटोत जिथं काम थांबलं होतं तिथंच बाई थांबल्या होत्या.

“आठव्या दिवशी गेली ना ती? मग पोरगी झाल्यावरबी करतच राहिली होती. मुठीत शटल हायेत तिच्या, दोन. रागानं न्हाई मिटली ती मूठ. काम सुटंना म्हणून मिटली.”

गुरम्मा भिंगातून बघत राहिली. बाहेर टँकर आला, घागरींचा कालवा झाला, ती उठली नाही.

“किती राहिलं होतं?” तिनं विचारलं.

“अकरा कड्या. बारशापस्तोर झालं असतं.”

“मला शिकवता?”

बाईंनी तिचा डावा हात धरला, अंगठा पहिल्या बोटावर दाबला, दोरा ताणून दिला. अंधारून येईपर्यंत उघडी कडी मिटली, पुढची एक वेडीवाकडी झाली.

जाताना गुरम्मानं फोटो पदराखाली घेतला. टोपडं आणि दोन्ही शटल तिच्या डाव्या मुठीत होती. सरजाबाईंकडे दुसरी शटल नव्हती, आणि उद्या वर्ग होता. त्यांनी ती परत मागितली नाहीत.