बिमुर्झाची माती

हेश्गारीच्या खालच्या ओढ्यापाशी ट्रक थांबला तो थांबलाच. पुढचा रस्ता दरडीबरोबर एंगुरी नदीत गेला होता. ड्रायव्हर चिखल तुडवत जरा पुढं जाऊन आला आणि मान हलवत म्हणाला, "इथून वर चाकं जायची नाहीत, ताई. बघा काय करायचं ते."

मागे ताडपत्रीखाली पिक्रियाच्या वडिलांची शवपेटी होती. बिमुर्झानं मरताना एकच गोष्ट मागितली होती, मला सपाटीवर पुरू नका. बर्फाच्या त्या भयंकर हिवाळ्यानंतर सरकारनं स्वानेतीच्या डोंगरातली गावंच्या गावं उचलून खाली धुळीच्या मुलखात नेऊन बसवली होती. बिमुर्झाचं अर्धं आयुष्य तिथं गेलं, मका पिकवला, घर बांधलं, बायको पुरली. पण कुणी गाव विचारलं की तो हेश्गारीच सांगायचा. इतकं असून तो एकदाही वर आला नव्हता. का, ते पिक्रियाला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याला, आव्तोला, ठाऊक नव्हतं. तो खालचाच माणूस.

वर डोंगरउताराला धरून बांधलेले घरोघरचे उंच बुरूज दिसत होते, शिडीनंच आत शिरायचे. काही अर्धे ढासळले होते. बहुतेक घरांवर छप्पर नव्हतं. पाऊस बारीक पण सतत पडत होता.

ट्रकचा आवाज ऐकून मक्वाला खाली आली. बिमुर्झाची ही दूरची बहीण, गावात उरलेल्या मोजक्या माणसांपैकी एक. पेटीवर डोकं टेकवून ती रीतीप्रमाणं मोठ्यानं रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "खड्डा खणून ठेवलाय. वरच्या वाडीचे दोघंजण आलेत. पण ही चढण हातांवर नाही व्हायची. बैलांची घसरगाडी पाहिजे."

"बैल कुणाकडे आहेत?" आव्तोनं विचारलं.

मक्वालानं पिक्रियाकडे पाहिलं. "एकाच घरी राहिलेत. जोकियाकडे."

"मग जाऊ आणि मागू," आव्तो म्हणाला. सासऱ्याच्या सुतकात त्यानं दाढी वाढू दिली होती, त्यामुळं तो होता त्याहून थकलेला दिसत होता.

"तुम्ही थांबा," पिक्रिया म्हणाली. "मी जाते."

जोकिया अंगणातल्या छपरीत कोयत्याला धार लावत बसला होता. ती फाटकाशी उभी राहिली तरी त्यानं मान वर केली नाही.

"जोकिया काका, मी पिक्रिया."

"बिमुर्झाची." त्यानं पात्यावरून अंगठा फिरवला. "नाक त्याचंच घेतलंयस. काय पाहिजे?"

"बैल हवे होते. वडील खाली ओढ्यापाशी आहेत."

"माझे बैल गवत ओढतात. मढी नाही ओढत."

"नाही म्हणायचं असेल तर सरळ म्हणा, काका. पेटी पावसात आहे."

"असू दे. बर्फात नाही ना?"

जोकियानं कोयता भिंतीला टेकवला आणि समोरच्या बाकाकडं बोट केलं. "बस."

ती बसली. तो पावसाकडं तोंड करून बसला. त्याची बायको नार्गिझा आणि लहान लेक त्या हिवाळ्यात गेल्या होत्या. सकाळी डोंगरावरून बर्फाचा पहिला लोंढा आला तेव्हा जोकिया मीठ-पीठ आणायला खाली गेला होता. रस्ते मोकळे झाल्यावर तो परतला, आणि त्यानंच स्वतःच्या फावड्यानं दोघींना उकरून काढलं. दोघी सापडल्या त्या बिमुर्झाच्या बुरुजाच्या अगदी पायथ्याशी.

"तुझ्या बापाला मी एकदाच विचारलं," जोकिया म्हणाला. "तो म्हणाला, वारा होता, काही ऐकू आलं नाही. तुझ्या आईला विचारलं, तर तिनं रुमालात तोंड घातलं. तू शाळकरी पोर होतीस. पोरांना काय विचारायचं म्हणून सोडून दिलं. आज विचारतो. तू आत होतीस ना?"

"होते."

"मग सांग. ऐकू आलं होतं का?"

नाही म्हणणं सोपं होतं. म्हातारा तेवढ्यावर उठला असता, बैल जुंपले असते, बाप मातीत गेला असता आणि मेलेल्याचं नाव शाबूत राहिलं असतं. पिक्रियानं तोंड उघडलंही त्यासाठीच. पण आईचे हात तिला आठवले. लसूण-मिठाचा वास येणारे ते हात अचानक तिच्या दोन्ही कानांवर आले होते, आणि त्या हातांतूनही बाहेरची हाक आत आली होती. बाप झरोक्याशी उभा होता. वर ओढून घेतलेली शिडी त्यानं दोन्ही हातांनी धरली होती. तो डोंगराकडं बघत होता. मग सगळं पांढरं झालं आणि बुरूज हलला. पुढं बाप कितीतरी वेळ शिडी धरूनच उभा होता.

"आलं होतं," ती म्हणाली.

जोकियानं मान डोलावली, जणू कुणी त्याला वाट सांगत होतं.

"काय म्हणाली?"

"आईचं नाव घेतलं. त्सिउरी, शिडी टाक, म्हणाली."

"कितीदा?"

"एकाहून जास्त वेळा."

"आणि पोर?"

"तिचा आवाज नाही आला, काका. पाठीला बांधलेली असेल."

"पाठीवर नाही बसायची ती," जोकिया म्हणाला. "आरडून गाव गोळा करायची. कडेवरच लागायचं तिला." तो थांबला. "वेळ होता का? शिडी टाकण्याइतका?"

"ते मला माहीत नाही. वडील वर डोंगराकडं बघत होते. दुसरा लोंढा त्यांना दिसला असेल. किंवा नसेल. त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही."

छपरीच्या कडेनं पाणी गळत होतं. जोकिया उठला आणि तिच्याकडं पाठ करून उभा राहिला.

"खोटं बोलली असतीस तरी बैल दिले असते मी," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, तू नाहीच म्हणशील. इतकी वर्षं त्याला शिव्या घातल्या, मग दमलो. म्हटलं, वारा होता, नसेल ऐकू गेलं. हळूहळू मनाला पटवत आणलं होतं. म्हातारपणी जरा झोप लागायला लागली होती, पोरी."

"काका..."

"जा आता. सकाळी येतो."

सकाळी तो खरंच आला. बैल जुंपलेली घसरगाडी घेऊन ओढ्यापाशी उभा राहिला. आव्तो आणि ड्रायव्हरनं पेटी गाडीवर चढवली. जोकियानं हात लावला नाही, पण दोर मात्र त्यानंच आवळले आणि नीट आवळले. चढणीवर पेटी एकदा कलंडली तेव्हा बैलांना शिवी हासडून त्यानं खांदा लावला. मग पुन्हा पुढं जाऊन चालू लागला.

देवळामागं माती देऊन झाली. मक्वालानं खिमा भरलेली कुबदारी रोटी कापली, घरच्या दारूचे पेले भरले. एकेका पुरुषानं पेला उचलून म्हणायचं ते म्हटलं, देव बिमुर्झाला क्षमा करो, आणि जरा दारू मातीवर सांडून उरलेली पिऊन टाकली. आव्तोनं भरलेला पेला घेऊन कुंपणाशी बैलांजवळ उभ्या जोकियाला नेऊन दिला. त्या बिचाऱ्याला काय कल्पना.

"घ्या काका. तुमच्यामुळंच पार पडलं सगळं."

जोकियानं पेला घेतला. वरच्या वाडीचे दोघं बोलायचे थांबले. मक्वालानं छातीवर क्रूसाची खूण केली. जोकियानं पेला तोंडापर्यंत नेला, ओठ हलले, पण शब्द काही आला नाही. मग त्यानं तो तसाच भरलेला आव्तोच्या हातात परत ठेवला.

"देव करत असेल तर करू दे," तो हलकेच म्हणाला. "मला नाही जमणार. कालपर्यंत जमलं असतं."

रिकामी घसरगाडी घेऊन तो उतारानं निघून गेला. कुणी त्याला थांबवलं नाही. पिक्रिया ताज्या मातीशी उभी राहिली. बापासाठी तिला रडू येत नव्हतं, आणि रडू येत नाही याचंच तिला वाईट वाटत होतं.

परतीच्या वाटेवर, ट्रक नदीकाठानं खाली जात असताना, तिनं आव्तोला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. ड्रायव्हरनंही ऐकलं असावं, कारण त्यानं रेडिओ बंद केला.

"नाही म्हणायचं होतंस," शेवटी आव्तो म्हणाला. "कुणाचं काय गेलं असतं?"

"कुणाचंच काही नाही," पिक्रिया म्हणाली.

त्यानं तिचा हात हातात घेतला. तिनं तो थोडा वेळ राहू दिला, मग सोडवून घेतला आणि खिडकीची काच वर केली. बाहेर पावसाचं बर्फ व्हायला लागलं होतं.