एकोणतीस मैल, सोळा मिनिटं

शाहू महाराजांच्या राजवटीत पंचाक्षरी मोजणी खात्यात कारकून होता. गगनबावड्याहून कोल्हापूरला कबुतरं सोडायची शर्यत ठरली, तेव्हा वेळ टिपायचं काम आपसूक त्याच्याकडं आलं. गाडीवाटेनं अंतर चौतीस मैल. पण पाखराला घाटाची वळणं कुठली? त्यानं नकाशावर पट्टी धरून सरळ अंतर काढलं. ते एकोणतीस मैल भरलं. चांगलं कबुतर तेवढं पाऊण तासात कापेल, असा त्याचा अंदाज होता.

कबुतरं दोनच. एक कल्हईवाल्या गैबीचं, दुसरं पंचाक्षरीच्या सख्ख्या मामाचं, पेठेतल्या महालिंगशेठचं. आदल्या दिवशी आकाराम टांगेवाला दोन्ही बंद खुराडी घेऊन वर गेला. कोल्हापुरातल्या घड्याळाशी मिळवलेलं एक घड्याळ त्याच्याजवळ दिलं होतं. सकाळी बरोब्बर आठला त्यानं दारं उघडायची होती.

आठ वाजून सोळा मिनिटांनी मामाच्या माडीवर पांढरं कबुतर येऊन बसलं. खाली एकच गलका झाला. गैबीचं आलं आठ चव्वेचाळीसला, दमून चोच वासलेलं. तोवर मामाच्या डोक्याला मानाचा फेटा बांधूनही झाला होता.

पंचाक्षरीनं आकडेमोड केली. ताशी शंभरावर मैल! आगगाडीलासुद्धा ते जमत नव्हतं. त्यानं मामाला विचारलं. वारा पाठीशी होता, मामा म्हणाला. जमलेल्या बड्या मंडळींनी लगेच माना डोलावल्या. तोच वारा गैबीच्या पाखराला का लागला नाही, हे एकानंही विचारलं नाही. त्या डोलणाऱ्या मानांची पंचाक्षरीला शिसारी आली. निकालाच्या कागदावर सही संध्याकाळी करतो, एवढं बोलून तो उठला.

दिवस मावळायच्या आत आकाराम त्याच्या दारात आला. वरून परत आणलेल्या मामाच्या खुराड्यातून त्यानं एक पांढरं कबुतर बाहेर काढलं. दोन्ही पंख राळेनं चिकटवलेले, एक डोळा फुटलेला.

"दार उघडलं तसं दगडावानी खाली पडलं," आकाराम म्हणाला. "मी पोचस्तवर कावळ्यांनी टोचलं हुतं."

जिंकलेलं कबुतर मामाच्या घरातनं हललंच नव्हतं. हे दुसरं मागाहून घरी उडत येऊन बिंग फोडेल, म्हणून त्याची ही गत केली होती. ते पाखरू उपरण्यात घेऊन पंचाक्षरी तसाच मामाकडं गेला.

मामा जेवत होता. त्यानं पाखराकडं एकदा बघितलं आणि पोळीवर आणखी तूप घेतलं.

"पाखरूच हाय ते, पंचू. घरातलं घरात ऱ्हाऊ दे. सही कर."

"मामा, ह्या घरातलं पाणीबी आता माझ्या घशाखाली उतरायचं न्हाय," पंचाक्षरी म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

त्यानं कागदावर लिहिलं: गैबीचं कबुतर, एकोणतीस मैल, चव्वेचाळीस मिनिटं. महालिंगशेठचं कबुतर गगनबावड्यातच पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद त्यानं चावडीवर लावला. लोकांनी वाचला, तोंडावर हात धरून हसले आणि दुपारी मामाकडं विजयाच्या पंगतीला जाऊन बसले. फेटा काही उतरला नाही.

गैबीनं कोमट तेल लावून त्या पाखराची राळ पिसागणिक सोडवली. ते जगलं, पण उडालं नाही. पंचाक्षरी मात्र त्या दिवसापासून कचेरीला लांबच्या वाटेनं जाऊ लागला. पेठेतून गेलं की पंगतीतलं कुणीतरी रामराम घाली, आणि तो घ्यायचाही त्याला वीट आला होता.