दगडापाशी वळणारी गाडी

आमची गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथं एक दगड उभा होता. कमरेएवढा, अंगावर झिजलेली रेघ आणि एक अर्धवट वर्तुळ. कुणी म्हणे सरहद्दीचा, कुणी म्हणे जकातीचा, कुणी म्हणे वाटेत मेलेल्या व्यापाऱ्याचा. दगड मात्र मूग गिळून बसलेला.

मला त्याच्या जन्मकथेशी काही देणंघेणं नव्हतं. मला तो हवा होता, कारण बाबा तिथून परत फिरायचे. हयातभर त्यांनी बस चालवली, आणि त्यांच्या बसचा शेवटचा थांबा तो दगड होता. आता त्यांना माझं नाव आठवत नाही, जेवण झालेलं आठवत नाही. पण रोज संध्याकाळी ते चालत जायचे, दगडाला वळसा घालायचे आणि घरी यायचे. मी शिलाई मशीनवर बसून खिडकीतून बघत असायचे.

मग संग्रहालयाचे साहेब आले. म्हणाले, "सातशे वर्षांचा तरी असेल."

"पण आहे कशाचा?"

"तेच तर कळत नाही. म्हणून न्यायचाय."

"न कळणारं सगळंच उचलून नेता का? मग आमच्या बाबांनाही न्या!"

बोलून गेले आणि मलाच रडू फुटलं. साहेब भला माणूस, अगदी कानकोंडा झाला. पण क्रेन आली आणि दगड गेला.

मी त्या जागी डांबराचं रिकामं पिंप आणून ठेवलं. बाबांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते सरळ पुढे निघाले. मी हातातली कात्री टाकून मागे धावले.

धुकं उतरत होतं. रस्ता कुठं संपतो आणि आभाळ कुठं लागतं, काही समजेना. झाडं जवळ यायची आणि ओळख न दाखवता मागे जायची. बाबा ऐटीत चालले होते, दोन्ही हात पोटापुढे गोल धरून. हाक मारली तर दचकतात, हात धरला तर परक्या बाईने धरल्यासारखे ओरडतात. मी मुकाट्याने मागून चालत राहिले. माझा राग केव्हाच निवळला होता, नुसती भीती उरली होती. हे असेच चालत राहिले तर?

बऱ्याच वेळाने त्यांनी मागे पाहिलं.

"बाई, तुम्ही अजून उतरला नाहीत?"

"मला परत जायचंय, ड्रायव्हरकाका."

"मग आधी नाही का सांगायचं!" त्यांनी भराभर हात फिरवले आणि त्या रिकाम्या रस्त्यावर ऐसपैस वळण घेतलं. त्यांच्यामागून मीही वळले.

"कुठं सोडू?"

"गल्लीत. शिलाईच्या दुकानापाशी."

"अरे वा! ते आमचंच घर. माझी लेक असते तिथं. तोंडाची फटकळ आहे, पण मी पोचेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसतो." त्यांनी पाऊल उचललं. "चला, जरा जोरात नेतो. वाट बघत असेल बिचारी."