होतं तसं

"मामा, हे घर खोटं वाटतंय," दिग्दर्शिका दारातूनच म्हणाली. "इथं कुणी कुणाची वाट बघितलेलीच नाही."

मामांनी टक्कल चोळलं. "आपल्या पैशात भिंती मिळतायत. वाट बघणारी माणसं कुठून आणू?"

"पैसे नाहीत म्हणूनच घर खरं पाहिजे. सजवायला आपल्याकडे आहे काय? नाहीच मिळालं तर सगळ्यांना घरी पाठवते मी."

पोरगी थट्टा करत नव्हती. मामांनाही माहीत होतं, तिला हवं ते घर कुठं आहे. सिनेमावाल्यांना त्यांनी उभ्या गावाची घरं दाखवली होती, तेवढं एक झाकून ठेवलं होतं.

सगळं युनिट त्यांना मामा म्हणायचं. खरं तर त्या हाकेवर हक्क एकाचाच. ताईचा पोरगा. आईशी भांडून भरल्या ताटावरून उठला, दार आपटून गेला, तो गेलाच. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. तेव्हापासून ताईनं दाराला कडी लावली नव्हती. दार नुसतं लोटलेलं असायचं.

संध्याकाळी मामांनी ते ढकललं. दार नेहमीसारखं लांबलचक कुरकुरलं आणि ताई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"ताई, तुझ्या घरात सिनेमा करू देशील?"

"का? हिरॉईन मिळेना वाटतं?" ती हसली. मग मामांचा चेहरा बघून तिची नजर खोलीभर फिरली. कोपऱ्यात पोरानं खोलून ठेवलेला टेबलफॅन तसाच होता, शेजारी वाटीत त्याचे स्क्रू.

"काही हलवायचं नाही," ती म्हणाली. "तो आला आणि त्याला घर परकं वाटलं तर उंबऱ्यावरूनच माघारी फिरेल."

"हलवावं लागेल गं. पण परत होतं तसं लावून देईन. माझ्यावर सोड."

ताईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मधेच आला, तर बसवून ठेवा त्याला," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शिका उंबऱ्यातच थांबली. "इथंच," ती म्हणाली, आणि तिचा आवाज आपोआप खाली आला होता. मामांनी कोपरा न् कोपरा मोबाईलमध्ये टिपून घेतला. वाटीतले स्क्रू कसे पडलेत तेसुद्धा. ताई मामांच्या घरी, भावजयीकडे राहायला गेली. शूटिंग सुरू झालं. एरवी मिळेल तिथं अंग टाकणारी युनिटची माणसं पोराच्या खाटेवर मात्र बसेनात. कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

"मामा, हे दार हिरॉईनबाईंच्या वाक्यावर बोलतंय," साउंडवाला कानावरचे हेडफोन सरकवत ओरडला. मामांच्या खिशात तेलाची कुपी कायम असायची. त्यांनी बिजागरीत दोन थेंब सोडले. दार गप्प.

काम संपलं. फोटो बघून बघून मामांनी घर लावलं आणि ताईला घेऊन आले. तिनं खाटेवरची चादर चाचपली, वाटी पाहिली. "होतं तसं आहे रे," म्हणाली. मामांचा जीव भांड्यात पडला.

मग तिनं दार लोटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लोटलं.

"याला काय केलंत?"

"तेल घातलं. शूटिंगमध्ये कुरकुर..."

"मी आत असते ना. त्यावरूनच कळायचं, कुणी आलं ते."

मामांनी रुमालानं बिजागरी पुसली. खरवडली. अंगणातली माती चोळली. घामाघूम होऊन दार पुढंमागं हलवत राहिले. दार काही बोललं नाही.

"राहू दे," ताई म्हणाली. "म्हातारं झालं होतं, सुटलं बिचारं."

पुढच्या आठवड्यात मामा ताईकडे गेले. दार लोटलेलंच होतं. ते अलगद उघडलं, आणि मामा जागीच थबकले. ज्या घरात इतकी वर्षं वाटीसुद्धा हलली नव्हती, तिथं ताईनं शेगडी, पोळपाट, डबे, सगळं पुढच्या खोलीत दारासमोर आणून मांडलं होतं.

तिनं झटकन मान वर केली. तिचा तसा उजळलेला चेहरा मामांनी कधी पाहिला नव्हता. दाराचा आवाज ऐकून ती आतून बाहेर येईपर्यंत तो विझलेला असायचा.

"तू होय," ती म्हणाली. "ये." आणि मान खाली घालून पोळी लाटू लागली.