जळलेल्या गवतावरचं जोडपं

अभयारण्यात समोरून गाडी आली की थांबायचं, काच खाली करायची आणि विचारायचं, "काय दिसलं?" ही आमच्याकडची रीत. न विचारता पुढे जाणारा माणूस एक तर परदेशी असतो, नाहीतर त्याच्या पोटात दुखत असतं. आमच्या गाडीत हे काम माचं, म्हणजे माझ्या आईचं होतं. गाडी बाबा चालवतात, पण अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. मग मा शेजारच्या सीटवरून त्यांच्या अंगावर वाकायची आणि त्यांच्या खिडकीतून गप्पा मारायची. दोन वर्षांपूर्वी ती नर्स म्हणून रियाधच्या हॉस्पिटलात गेली आणि हे काम माझ्याकडे आलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझा आवाज उंदरासारखा निघाला होता. आता? आता मी वादविवाद स्पर्धेत अख्ख्या जिल्ह्याला पाणी पाजून आलेय! बाबांच्या मागची सीट माझी, काच माझी, प्रश्नही माझा.

सप्टेंबरच्या सुट्टीत मा रजेवर आली. रविवारी तिचं परतीचं विमान होतं, आणि शनिवारी पहाटे आम्ही फाटकाबाहेर गाड्यांच्या रांगेत उभे होतो. बाबा, मा, मी आणि मालुमे बोंगुमुसा, म्हणजे माचा धाकटा भाऊ. मालुमेच्या मते देवाने जंगलात फक्त सिंह निर्माण केला, बाकी सगळं त्याला खायला घातलं. स्वतः मालुमेने मांडीवर अमाग्विन्यांचा डबा घेतला होता.

"बोंगुमुसा, ते तळलेले गोळे जंगलात खायला आणलेत," मा म्हणाली.

"फाटकातून वास येतोय ना जंगलाचा, सिसी? झालं तर!"

"आणि लोणचं कुठाय?"

"होतं."

मला सिंह नको होता. मला इन्सिंगिझी हवे होते. काळेभोर, टर्कीएवढे, लाल गळ्याचे धनेश. उडायचा कंटाळा, सारखे जमिनीवर चालायचे, तेही असे की चर्चला उशीर झालेले पाद्री. पहाटे जोडीने घुमतात. ते काय बोलतात ते आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बायको म्हणते, "मी चालले, मी चालले, चालले माझ्या माहेरी." नवरा म्हणतो, "जा की मग, जा की मग, कधीची म्हणतेयस."

मा-बाबांचा हा लग्न झाल्यापासूनचा खेळ. मा नोंगोमाला माहेरी, आजीकडे निघाली की पिशवी घेऊन दारात उभी राहायची आणि म्हणायची, मी चालले. बाबा पेपरच्या आडून म्हणायचे, जा की मग. आणि मग पेपर टाकून तिला बसपर्यंत सोडायला जायचे.

दोन वर्षांपूर्वी विमानतळावरही मा तेच वाक्य म्हणाली. बाबा म्हणाले, "जा की मग." त्या वेळी कोणी हसलं नाही.

या रजेत दोघांपैकी एकानेही तो खेळ काढला नव्हता. गळका नळ, शाळेचे बूट, आजीचा गुडघा, बोलणं एवढंच. हॉस्पिटलने माला आणखी दोन वर्षं थांबायला सांगितलं होतं आणि ती हो म्हणाली होती. बाबा त्यावर म्हणाले, "बरं." बरं! भाजीत मीठ जास्त झालं तरी बाबा याहून जास्त बोलतात.

म्हणून माझा बेत असा होता. इन्सिंगिझी शोधायचे. ते घुमले की माच्या तोंडून ते वाक्य येणारच. मग बाबांना उत्तर द्यावं लागेल, आणि या वेळी ते दुसरं काहीतरी म्हणतील. निदान एकदा तरी.

फाटक उघडलं. इम्पाला हरणांसाठी कोणी थांबत नाही, आम्हीही थांबलो नाही. पुढे तारेवर नीलपंख बसला होता. मी तोंड उघडायच्या आत मा म्हणाली, "नीलपंख." मग कोतवाल, मग वेडा राघू. मी मुद्दाम गप्प राहून तिला जिंकू दिलं.

"तिकडे कुठले पक्षी असतात गं?" मी विचारलं.

"कबुतरं. आणि एसीची घरघर." ती काचेला कपाळ टेकून बोलत होती. "तिथल्या खोलीची खिडकी उघडत नाही, नोक्वांडा. सकाळी मी डोळे मिटून इथले आवाज एकेक करून आठवते. कोतवालापर्यंत येते, मग पुढचं काही येत नाही."

बाबांनी गिअर बदलला. बदलायची काही गरज नव्हती.

समोरून एक जुनी पिकअप आली. मी काच खाली केली. "सावूबोना! काय दिसलं?"

"हत्तीचं शेण," म्हातारे काका म्हणाले. "वाफा येतायत अजून."

"आणि इन्सिंगिझी?"

"काळे पाद्री? जळलेल्या पट्ट्यावर असतील, चढाच्या पलीकडे. एवढी पोर, आणि सिंह नको म्हणतेय!"

"तिच्या वाटचा मला द्या," मालुमे माझ्या खांद्यावरून ओरडला.

चढ चढून जातोय तोच तो आवाज आला. खोल, जड, छातीत वाजणारा. हूं... हूं-हूं... हूं.

"सिंह!" मालुमेने गोळ्यासकट आरोळी ठोकली. मागून येणाऱ्या गाडीतल्या बाईने विचारलं, "कुठे?" मालुमेने छातीठोकपणे नदीकडे बोट दाखवलं. बघता बघता तीन गाड्या धूळ उडवत नदीकडे वळल्या.

"अरे माकडा," मा म्हणाली, "तुझ्या सिंहाला चोच आहे!" आणि ती हसली. अशी, की तिला डोळे पुसावे लागले.

बाबांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. काळ्याठिक्कर राखेवर हिरवे कोंब फुटले होते आणि त्यातून चार इन्सिंगिझी येत होते. मादीच्या लाल गळ्याखाली निळसर डाग होता. नराने मान खाली घातली, गळा फुगवला. एकाने म्हटलं, दुसऱ्याने उत्तर दिलं. पुन्हा एकाने म्हटलं.

मा पुढे झुकून ऐकत होती.

मी तिच्या मानेकडे बघत राहिले. आता म्हणेल, आता म्हणेल. पक्षी थांबले, चार पावलं चालले, पुन्हा घुमले. माझ्याच्याने राहवेना. "मा, म्हण ना!"

"काय म्हणू?"

"तुला माहितीये काय ते."

तिने बाबांकडे पाहिलं नाही. पक्ष्यांकडे बघतच हळू म्हणाली, "मी चालले, मी चालले, चालले माझ्या माहेरी." मग म्हणाली, "रियाध कुठलं माहेर म्हणा."

गवतातून नराने उत्तर दिलं. बाबांचे हात स्टिअरिंगवर तसेच.

"मान्झिनी, तुमची पाळी," मालुमे म्हणाला. मान्झिनी हे बाबांच्या कुळाचं नाव, सगळी मोठी माणसं त्यांना त्यानेच हाक मारतात.

"तो म्हणाला की," बाबा म्हणाले. "एकाने म्हटलं, पुरे."

"पण बाबा, 'जा की मग' हेच उत्तर, असं कुठे ठरलंय? दुसरं म्हणा ना!"

बोलून गेले आणि माझे कान तापले. बापाने काय बोलावं हे आमच्यात पोरं सांगत नाहीत. मालुमेने हळूच डब्याचं झाकण लावलं.

 बाबा समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "दुसरं म्हटलं तर ती थांबेल. मग हिची शाळा? आजीची औषधं? म्हणून म्हणत नाही."

"मी थांबणार नाहीये," मा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी संपली सांगतानाचा. "विमान उद्याचं आहे, मी जाणारच. पण त्या बंद खिडकीशी बसलं की मला तुझं 'जा की मग' एवढंच ऐकू येतं, मान्झिनी. दोन वर्षं तेवढंच. या वेळी दुसरं काहीतरी दे सोबत."

बाबांनी घसा खाकरला. "नको जाऊस, माम्थेथ्वा."

माम्थेथ्वा म्हणजे म्थेथ्वांची लेक. लग्न झालं तरी आमच्यात बाईला माहेरच्या कुळानेच हाक मारतात. पण बाबांनी ती हाक मारल्याला किती दिवस झाले होते! आणि आवाज? माझा तो पहिल्या वेळचा उंदीर.

"नीट ऐकू नाही आलं," मा म्हणाली.

"नको जाऊस!"

चारही इन्सिंगिझींनी माना वळवून आमच्या गाडीकडे पाहिलं. मालुमे खिडकीबाहेर तोंड करून उगाच शिट्टी वाजवायला लागला.  माने बाबांचा स्टिअरिंगवरचा हात आपल्या हातात घेतला आणि डोळे मिटले. कोतवालाच्या पुढचं पाठ करत असावी.

तेवढ्यात नदीकडे गेलेली ती गाडी समोरून परत आली, धुळीने माखलेली. मी काच खाली केली, तोंड उघडलं. पण मा आधीच बाबांच्या अंगावर वाकली होती.

"सिंह नव्हताच तिकडे!" गाडीतली बाई वैतागून म्हणाली. "तुम्हाला काय दिसलं?"

"नवरा-बायको," मा म्हणाली.

बाईने जळलेल्या गवताकडे पाहिलं. "भांडतायत का?"

"नाही हो. बोलतायत."

ती गाडी निघून गेली, पण मा सरळ बसली नाही. डोकं बाबांच्या खांद्यावर ठेवून तशीच वाकलेली राहिली. मी माझी काच हळूच वर केली. उद्यापासून ती पुन्हा माझीच होती.