भावना दुखावल्या नाहीत

आमच्याकडच्या पोरांची प्रेम करायची एक तऱ्हा आहे. कुणाचं लग्न ठरो, नोकरी लागो, वाढदिवस असो, मित्रमंडळी त्याच्या फेसबुकच्या पार तळाशी जातात, मिसरूड न फुटलेले जुने फोटो हुडकतात आणि त्यांवर धडाधड कमेंटी टाकून ते साऱ्या गावासमोर वर आणतात. फोटो जितका भिकार, तितकं प्रेम जास्त. करणची राज्याच्या कबड्डी संघात निवड झाली, तेव्हा त्याचा जिवलग मित्र गहिनीनाथ यानं रविवारी संध्याकाळी हाच उद्योग केला. साठ-सत्तर फोटो वर काढले. त्यातला एक करणचा नव्हताच.

तो होता कृपादान सरांचा. शाळेच्या मैदानावर उभे, गळ्यात शिट्टी. खाली चौदा वर्षांच्या करणनं लिहिलं होतं, “मिलोच्या पोत्यासाठी देव बदलणारा आमाला खरं-खोटं शिकवतो. काढून घ्या याची शिट्टी.” गहिनीनाथनं न वाचताच त्यावर ठोकून दिलं, “वाघ हाय आपला, वाघ!”

मिलोचं प्रकरण ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर परदेशातली लाल ज्वारी यायची, तिला मिलो म्हणत. खाल्ली सगळ्या गावानं. पाटलाच्या चुलीवरही तिच्याच भाकरी भाजल्या गेल्या. पण ‘मिलोवाले’ हे नाव चिकटलं ते फक्त चर्चजवळच्या घरांना, ज्यांचे पणजे त्या दुष्काळाच्या कितीतरी आधी ख्रिस्ती झाले होते. गावाला इतिहास कधी जमत नाही. टोमणा मात्र नेमका जमतो.

आणि करणनं हे लिहिलं कशासाठी? चौदा वर्षांखालच्या स्पर्धेला तो तीन महिन्यांनी मोठा भरत होता. इतर ठिकाणी असे तीन महिने कागदावर सहज नाहीसे होत. कृपादान सरांनी ते केले नाहीत. “खोट्या कागदावर माझी सही नाही,” एवढंच म्हणाले आणि करण घरी राहिला. त्या रागात त्यानं बापाच्या मोबाईलवरून ते लिहिलं, बेचाळीस लाइक मिळवले आणि आठवड्यात विसरून गेला. पुढच्या वर्षी त्याच सरांनी त्याला पहाटे मैदानावर बोलावलं. तेव्हापासून आजवर, निवृत्त झाल्यावरसुद्धा, सरांचा एक दिवस चुकला नव्हता.

सोमवारी त्या मजकुराचा स्क्रीनशॉट राहात्यापासून नगरपर्यंत फिरला. चर्चमधल्या तरुण पोरांनी कबड्डी संघटनेकडे तक्रार केली. मंगळवारी सकाळी नऊला सचिवांचा फोन आला.

“संध्याकाळी सहाला नगरहून संघाची गाडी सुटणार. चारच्या आत त्या सरांचं पत्र आण. मजकूर पाठवलाय, त्यात काना-मात्रा बदलायचा नाही. नाही जमलं तर तुझ्या जागेवर दुसरा पोरगा बॅग भरून बसलाय.”

मजकूर दोन ओळींचा होता. ‘सदर लिखाणामुळे माझ्या अथवा माझ्या समाजाच्या भावना दुखावलेल्या नाहीत. माझी कोणतीही तक्रार नाही.’

करणनं तो तीनदा वाचला. एकवीस वर्षांचा गडी, पण हातात दुसरं काही नव्हतं. पोलीस भरतीत उंचीच्या एका सेंटिमीटरनं दोनदा बाद झालेला. कॉलेज अर्ध्यात सुटलेलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि डॉक्टरनं साफ सांगितलेलं की अजून दोन वर्षं खेळशील, फार तर. ही निवड हुकली की पुढे सगळा अंधारच. मजकूर छापून घेऊन तो सरांच्या दारात पोचला तेव्हा अकरा वाजले होते. गहिनीनाथ मोटरसायकल घेऊन फाटकाबाहेरच थांबला. आत जायचं तोंड त्याला नव्हतं.

दार सरांच्या बायकोनं, मेरीकाकूंनी उघडलं. याच काकूंनी सहा वर्षं त्याला रोज दोन उकडलेली अंडी खाऊ घातली होती. आज त्या “ये” म्हणाल्या नाहीत, फक्त बाजूला झाल्या.

“सर, चुकलो मी,” करण उभ्या-उभ्याच म्हणाला. “लहान हुतो. तुमी बघितलंच नसंल म्हणून मी पण कधी...”

“बघितलं होतं त्यांनी,” काकू मागून म्हणाल्या. “त्याच दिवशी. शाळेतल्या पोरांनीच आणून दाखवलं. दोन दिवस जेवले न्हाईत.”

करणला जमीन दुभंगावी असं वाटलं. म्हणजे इतकी वर्षं, त्या प्रत्येक पहाटे, सरांना ठाऊक होतं.

सर खुर्चीत बसले होते. “मला वाटायचं, पोरगं एक दिवस येऊन सांगेल,” ते म्हणाले. “आलास. सात वर्षांनी आलास, तेही कागद घेऊन.” मग त्यांनी विचारलं, “मिलो म्हणजे काय, ते तुला तेव्हा कळत होतं?”

नाही म्हणणं सोपं होतं. पण या माणसासमोर ते करणच्या तोंडून निघेना.

“व्हय सर. कळत हुतं. म्हणूनच लिवलं.”

सरांनी मान हलवली. पत्र घेतलं, चष्मा लावून दोनदा वाचलं, पहिल्या ओळीवर सरळ काट मारली आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘भावना दुखावल्या. तरीही या मुलाला खेळू द्यावे, ही विनंती.’ खाली सही केली.

करणचा जीव भांड्यात पडला. त्यानं फोटो काढून सचिवांना पाठवला. दोन मिनिटांत फोन आला.

“अरे, दुखावल्या म्हटलं की नियमच लागतो! मग तुला घेता येत नाही. जसं दिलंय तसंच पाहिजे. नाहीतर राहू दे.”

फोनचा आवाज मोठा होता. तिघांनीही ऐकलं. करणच्या खिशात दुसरी प्रत होती, पण ती बाहेर काढायला त्याचा हात धजत नव्हता. त्यानं सरांचे पाय धरले. इतका मोठा गडी, फरशीवर कपाळ टेकून हुंदके द्यायला लागला.

“सर, मला दुसरं काय बी येत न्हाई. एवढ्या एका टायमाला... मी मरून जाईन, सर.”

“आणि ह्यांनी आता खोटं लिहायचं?” काकूंचा आवाज चिरला. “तू ह्यांना लागंल असंच लिवलंस, अन् लागलं न्हाई असं ह्यांनीच लिहून द्यायचं? कुठला न्याय रे हा?”

सरांनी करणला खांद्याला धरून उठवलं.

“दुसरी प्रत आहे?” सरांनी विचारलं.

करणनं ती दिली. पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसानं एका कागदावर सही करायला इतका वेळ लावलेला त्यानं कधी पाहिला नव्हता. पेन टेकायचं, उचलायचं. सर, नका करू, असं म्हणावं, असं करणला मनापासून वाटलं. अगदी ओठांवर आलं. पण भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते आणि नगर ऐंशी किलोमीटरवर होतं. तो गप्प राहिला.

सही झाली. सरांनी कागद त्याच्याकडे न बघताच पुढे केला. “गाडी सावकाश चालवा,” म्हणाले. “राहुरीपाशी रस्ता खराब आहे.”

साडेतीनला पत्र सचिवांच्या टेबलावर पडलं. त्यांनी वाचलं, फाईलला लावलं आणि बोट उगारलं. “आता स्पर्धा संपेस्तोवर फेसबुक नाही, स्टेटस नाही, काही नाही. एक अक्षर जरी दिसलं तरी आहेस तिथून घरी.”

“व्हय साहेब,” करण म्हणाला. त्या घडीला त्याला जग जिंकल्यासारखं वाटत होतं.

गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. साडेपाचला मेरीकाकूंचा फोन आला.

“करण, गहिनीनाथनं ते पत्र फेसबुकवर टाकलंय. बघितलंस?”

त्यानं बघितलं नव्हतं. बोलता-बोलताच उघडलं. वाटेत चहाला थांबले तेव्हा गहिनीनाथनं पत्राचा फोटो काढला होता. वर लिहिलं होतं, “सत्याचा विजय. सरांनीच तोंड बंद केलं.” खाली दोनशे कमेंटी. ‘सरांना काय वाटत न्हाई, मग बाकीच्या मिलोवाल्यांना का मिरच्या झोंबल्या?’ कुणीतरी हसलं होतं, कुणीतरी पोत्याचं चित्र टाकलं होतं. गावातली शेंबडी पोरंसुद्धा तोच शब्द पुन्हा-पुन्हा लिहीत होती, आता बिनघोर. सरांनी लेखी परवानगीच दिली होती ना!

“चर्चमधली पोरं घरी येऊन गेली,” काकू सांगत होत्या. “म्हणाली, सर, आमी तुमच्यासाठी उभं राह्यलो अन् तुमीच आमाला खोटं पाडलं. हे तिथनं उठले. आतल्या खोलीत दार लावून बसलेत. करण, तू फकस्त एक ओळ लिही. सरांना वाईट वाटलं हुतं, एवढंच. तू लिवलंस तर लोक ऐकतील.”

“व्हय काकू. लिवतो.”

“आत्ता लिही, बाळा.”

“आत्ताच लिवतो.”

त्यानं फोन ठेवला आणि खरंच लिहायला घेतलं. ‘सरांना वाईट वाटलं होतं. ती ओळ माझ्यासाठी लिहिली. ती खोटी आहे.’ अंगठा बटणावर नेला. तेवढ्यात सचिव यादी घेऊन गाडीत चढले आणि नावं पुकारू लागले. एक, दोन, पाच, सात. दारापाशी खाली एक पोरगा बॅग घेऊन उभा होता, कुणाचं नाव गळतंय का याची वाट बघत.

“करण!”

“हजर,” करण म्हणाला.

मग त्यानं लिहिलेलं एकेक अक्षर पुसलं, पार पहिल्या ‘स’पर्यंत. पोचल्यावर लिहू, असं स्वतःला सांगितलं आणि सांगताना त्याला कळत होतं की आपण लिहिणार नाही.

गाडी हलली तसा फोन पुन्हा वाजायला लागला. काकूच होत्या. तो वाजत राहिला तसं शेजारच्या खेळाडूनं विचारलं, “कुणाचा रे? उचल की.”

“घरचाच हाय,” करण म्हणाला आणि त्यानं फोन बंद करून टाकला.