फांद्या छाटण्याचा अर्ज

डॉक्टरांनी ताईला हिवाळ्यापर्यंतची मुदत दिली होती, आणि रोपवाटिकावाल्याने फुलांना पुढच्या वर्षीची. या दोन तारखांचा मेळ बसवायचं काम धाकट्या भावाकडे आलं. तो नगरपालिकेच्या तक्रार विभागातून निवृत्त झालेला. छत्तीस वर्षं त्याने लोकांच्या तारखांचा मेळ बसू दिला नव्हता. ताई त्याला 'साहेब' म्हणायची, त्यात कौतुक नसायचं.

अंथरुणावरून तिला खिडकीतून मागच्या अंगणातला, भिंतीलगतचा काळपट पट्टा तेवढा दिसायचा. भिंतीपलीकडच्या रस्त्यावरचं जुनं झाड तिथे ऊन पोचू देत नसे.

"जाण्याआधी तिथे काहीतरी फुललेलं दिसावं," ती एकदा म्हणाली. चहात साखर कमी आहे, अशा सुरात.

त्याने वीस रोपं आणली. जमिनीवर सरपटत पसरणारी, वर्षानुवर्षं टिकणारी, निळ्या फुलांची. वीतभर अंतर सोडून लावली, वर पालापाचोळा घातला.

"सावलीतलं रोप आहे," रोपवाटिकावाल्याने बजावलं होतं. "फुलं पुढच्या वर्षी. फारच मनावर घेतलं तर याच वर्षी. ओल राखा आणि बाकी काही करू नका. शिकलेल्यांना नेमकं तेवढंच जमत नाही."

दोन महिने नुसती पानं पसरली. ऊन कमी पडतंय, असा साहेबाने निष्कर्ष काढला. अर्ज कुठे अडतो हे त्याला पाठ होतं, त्यामुळे कसा सुटतो हेही. वैद्यकीय कारण, 'तातडीचे' असा शेरा आणि जुन्या सहकाऱ्याला एक फोन. तिसऱ्या दिवशी करवतवाले हजर. त्याच्या अख्ख्या नोकरीत कुठलंच काम इतक्या लवकर झालं नव्हतं.

दुपारपर्यंत भिंतीवर झुकलेल्या सगळ्या फांद्या खाली आल्या.

"बघ, कसा लख्ख उजेड आला."

"डोळ्यांत येतोय," ताई म्हणाली. "पडदा ओढ."

चार दिवसांत पानं कागदासारखी चुरचुरीत झाली. त्याने वर चादरी बांधल्या, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. आठव्या दिवशी वाळलेली पानं काढायला वाकला, तर खाली देठांच्या बेचक्यांत कळ्या होत्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या, सगळ्या करपलेल्या. रोपांनी मनावर घेतलं होतं.

हात धुऊन तो आत आला.

"काय म्हणतेय बाग?" ताईने विचारलं.

"फुलली," तो म्हणाला. "पाच फुलं आहेत."

दुसऱ्या दिवशी त्याने अकरा सांगितली. तिसऱ्या दिवशी चाळीस.

"चाळीस?"

"मोजली ना मी."

पडदा ओढलेलाच होता. तो उघड, असं ती एकदाही म्हणाली नव्हती. तिने डोळे मिटले, थोडा श्वास गोळा केला.

"साहेब, उद्या जरा कमी सांग. चाळीस खरी मानायला आता दम पुरत नाही."